ताई ची, शिंग-यी की बागुआ? आणि मुळात गुरू पारखायचा कसा?

जुना_कराटेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चिनी मार्शल आर्ट्सवर इथे तुरळक धागे दिसले, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळालं नाही, म्हणून नवा काढतोय.

कॉलेजात असताना कराटे केलं, ब्राऊन बेल्टपर्यंत पोचलो, मग नोकरी-संसारात सगळं मागे पडलं. आता चाळिशी उलटली आहे आणि उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पुन्हा काहीतरी सुरू करायचंय. लाथा खायची हौस आता उरलेली नाही. पण नुसते सावकाश हात हलवायचे आणि त्यामागे काहीच नाही, असंही नको. म्हणून ज्यांना ‘अंतर्गत’ म्हणतात त्या शैलींबद्दल (ताई ची, शिंग-यी, बागुआ) वाचत सुटलो आणि जितकं वाचलं तितका गोंधळलो.

माझ्या आवाक्यात तीन जण आहेत.

एक चेन शैलीच्या ताई चीचे सर. भिंतीवर गुरू-शिष्यांच्या वंशावळीचा मोठा तक्ता, चेन शैलीच्या मूळ गावी, चेनजियागौला, जाऊन आल्याचे फोटो. सुरुवातीचे कित्येक महिने नुसतं उभं करतात अशी ख्याती.

दुसऱ्या एक बाई, यांग शैली शिकवतात. वर्गात बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. वातावरण छान, पण ‘मार्शल’ काही आहे की नाही कळेना.

तिसरे एक गृहस्थ, शिंग-यी आणि बागुआ दोन्ही शिकवतात. मोजकेच विद्यार्थी, जाहिरात शून्य, फोनवर बोलायलाही नाखूश.

आधी शैली ठरवायची की आधी गुरू? आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याने गुरू ओळखायचा तरी कसा?

काठावरचा

पहिला! खुर्ची टाकून बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

थोरला_बंधू

गुरू आधी. शैली नंतर. बरीच वर्षं चेन शैली करतो आहे, तरीही हेच सांगेन.

कारण सांगतो. कराटेत लाथ चुकली तर बघणाऱ्याला दिसते. इथे जे शिकायचं ते बाहेरून दिसत नाही. दोन माणसं एकच फॉर्म (ठरलेल्या हालचालींचा क्रम) हुबेहूब करतील. एकाचं वजन पायातून जमिनीत उतरलेलं असेल, दुसरा खांद्यानेच सगळं ओढत असेल. व्हिडिओत दोघे सारखेच. म्हणून बघून निवडू नका, हात लावून निवडा.

वर्ग संपल्यावर नम्रपणे विचारा, ‘सर, तुमच्या हाताला जरा हात लावून बघू का?’ त्यांनी पुढे केलेल्या हातावर हळूहळू जोर द्या. दांडगाई नाही, हळूहळू. हात ताठ लागला तर ती ताकद झाली. गळून पडला तर तो आळस झाला. चांगल्या माणसाचा हात हवा भरलेल्या चेंडूवर हात ठेवल्यासारखा लागतो. तुम्ही ढकलता, तो दबत नाही आणि अडवतही नाही, आणि जरा वेळाने लक्षात येतं की टाचा तुमच्याच उचलल्या गेल्या आहेत. त्याने तुम्हाला ढकललेलं नसतं. याला पंग म्हणतात, आणि ते नसेल तर पुढचं सगळं नाच आहे.

दुसरी गोष्ट: गुरूकडे कमी बघा, त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे जास्त बघा. गुरू उपजतच गुणी असू शकतो. चार-पाच वर्षं टिकलेल्या सामान्य माणसात काही उतरलंय का, हे बघा. सगळं कसब एकट्या गुरूकडेच असेल तर तो शिकवत नाही, दाखवतो.

निशिगंधा

थोरले बंधू, ‘नाच आहे’ हे जरा लागलं हो. मी ताई चीचा २४ मुद्रांचा सोपा फॉर्म करते, फक्त तब्येतीसाठी, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. सगळ्यांना कुणाला तरी पाडायचंच असतं का?

थोरला_बंधू

निशिगंधाताई, रागावू नका. धागाकर्त्याला नुसता संथ व्यायाम नको आहे, त्या संदर्भात म्हणालो. ज्याला तब्येतीसाठीच करायचंय त्याला २४ उत्तम.

चक्रधर

थोरल्या बंधूंशी अर्धाच सहमत. ‘गुरू आधी’ ठीक, पण शैलीकडे इतकं दुर्लक्ष करू नका. शरीर आणि स्वभाव मोजावाच लागतो. (मी बागुआवाला, हे आयडीवरून कळलंच असेल.)

चेन: खोल बैठका, सर्पिल हालचाल, संथपणात मधेच स्फोटासारखा जोर. तरुण पायांना मजा. यांग: मोठ्या मोकळ्या मुद्रा, एकसारखा वेग. वू च्येनछ्वान यांची वू शैली: लहान चौकट, पुढे किंचित झुकलेलं अंग. सुन: उंच उभं राहणं, पाऊल टाकलं की मागचा पाय लगेच पाठोपाठ येतो, त्यामुळे दुखऱ्या पायांना बहुधा सगळ्यात सोसणारी.

शिंग-यी म्हणजे सरळ रेषा. पाच मूलभूत ठोसे: पी, झुआन, बंग, पाव, हंग. त्यानंतर बारा प्राण्यांवर बेतलेले प्रकार. पण बहुतेकांचा जन्म पाचातच जातो, आणि त्यात काही वाईट नाही. ज्याला ‘मी काय करतोय आणि कशासाठी’ हे लवकर कळायला हवं, त्याने शिंग-यी घ्यावी. कराटेवाल्याला ती सगळ्यात ओळखीची वाटेल.

बागुआत वर्तुळावर चालायचं. आणखी चालायचं. पुन्हा चालायचं. मग तळव्यांची अदलाबदल. पहिली दोन वर्षं घरचे विचारतात की नक्की काय करतोस, आणि उत्तर नसतं.

एक गोष्ट सांगतो. बागुआचे मूळपुरुष तुंग हायच्वान (मृत्यू १८८२) यांच्याकडे येणारे बरेच जण आधीच काहीतरी शिकून आलेले असत, आणि ते प्रत्येकाला त्याच्या आधीच्या विद्येवर बांधून शिकवत. छंग थिंगह्वा मूळचे कुस्तीवाले, त्यांची बागुआ फेकाफेकीकडे झुकलेली. यिन फू यांची वेगळी, टोचणारी, मारणारी. दोघांचा गुरू एकच. तेव्हा ‘तुम्ही आधी काय करत होता’ हे जो गुरू विचारत नाही, त्याच्याबद्दल मला शंका येते.

काठावरचा

‘घरचे विचारतात आणि उत्तर नसतं’ याला हसून हसून पुरेवाट. माझं इंजिनिअरिंग असंच गेलं.

वाकडा_बाण

सगळं ठीक आहे पण ‘ची’, ती अंगातली प्राणशक्ती, कुठे आहे? की ती फक्त फी भरल्यावर दिसते?

इतिहासखोर

वंशावळीच्या तक्त्यावर थोडं, कारण धागाकर्ते त्याने भारावलेले दिसतात.

‘अंतर्गत’ हा शब्द मार्शल आर्टसाठी लिखित स्वरूपात येतो तो १६६९ मध्ये, ह्वांग झोंगशी या विद्वानाने लिहिलेल्या एका मृत्युलेखात. तिथे शाओलिनच्या विरुद्ध बाजूला ‘अंतर्गत घराणं’ उभं केलेलं आहे. आज आपण ज्या तीन शैलींना अंतर्गत म्हणतो, त्यांचा त्यात उल्लेख नाही. ही त्रिमूर्ती लोकांच्या मनात पक्की झाली ती बऱ्याच नंतर, मोठ्या प्रमाणात सुन लुथांग यांच्या पुस्तकांमुळे: १९१५ ला शिंग-यीवर, १९१६ ला बागुआवर, १९२१ ला ताई चीवर. तिन्ही विद्या एकाच माणसाने केल्या आणि मूळ तत्त्व एकच असं मांडलं. झांग सानफंग नावाच्या दाओपंथी साधूने ताई ची निर्माण केली ही कथा गोड आहे, पण पुरावा नाही. हेनान प्रांतातल्या चेनजियागौ गावापासून मात्र दिसणारी साखळी आहे: चेन छांगशिंग (१७७१–१८५३) यांच्याकडून यांग लूछान (१७९९–१८७२) शिकले, आणि यांग, वू नावाच्या दोन वेगळ्या शैली, सुन हे सगळे त्याच ओघातून पुढे निघाले.

आता मुद्दा. तक्त्यावर नाव असणं म्हणजे त्या माणसाला ते येतं असं नव्हे. तक्ता एवढंच सांगतो की तो कुणाच्या संपर्कात आला. आठवड्याच्या शिबिरात फोटो काढलेला आणि वीस वर्षं घासलेला, दोघेही ‘अमुक यांचे शिष्य’ म्हणवतात. विचारायचं असेल तर असं विचारा: किती काळ, किती वेळा, आणि त्यांच्यासमोर तुमच्या चुका कुणी काढल्या?

उलट बाजूनेही बघा. वांग शियांगझाय (१८८५–१९६३) शिंग-यीच्या अत्यंत मानाच्या परंपरेतले, क्वो युनशन यांचे शिष्य. त्यांनी फॉर्म जवळजवळ सगळे टाकून दिले, उभं राहण्यावर भर दिला आणि यिछ्वान ही नवी शैली उभी केली. परंपरेतला माणूसच परंपरा मोडतो. म्हणजे तक्ता हे शेवटचं उत्तर नाही.

मुष्टियोद्धा

इतिहास छान आहे. आता वर्तमान. २०१७, छंगदू. एमएमएवाला (मिश्र मार्शल आर्ट्स लढणारा) शू शियाओतुंग विरुद्ध ताई चीचे वेई लेई. अर्ध्या मिनिटाच्या आत खेळ खल्लास. धाग्यावर अजून कुणी नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

माझा सल्ला एका वाक्यात: जो शिक्षक विरोध करणाऱ्या माणसासोबत सराव करत नाही, त्याच्याकडे लढाई शिकायला जाऊ नका, शैली कोणतीही असो.

चक्रधर

आलाच का तो व्हिडिओ. एका माणसाच्या पराभवाने दोनशे वर्षांची विद्या खोटी ठरत नाही, दादा.

मुष्टियोद्धा

मी विद्या खोटी म्हटलीच नाही. सराव खोटा म्हणतोय. तो माणूस हरला कारण जोराने अंगावर येणारा ठोसा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. तुमच्या वर्गात असा ठोसा कोण मारतं?

इतिहासखोर

यात एक जुना सामना जोडतो, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो. जानेवारी १९५४, मकाव. हाँगकाँगमधल्या आगपीडितांसाठी निधी गोळा करायला जाहीर सामना ठेवला होता. एका बाजूला वू शैलीचे वू कुंगयी, वय पन्नाशीच्या पुढे. दुसऱ्या बाजूला श्वेत क्रौंच शैलीचे चेन कफू, तिशीतले. दुसऱ्या फेरीत पंचांनी थांबवला, विजेता कुणीच नाही. चित्रफीत उपलब्ध आहे. बघितलीत तर संथ हात, उडून पडणारे शिष्य वगैरे काहीही दिसणार नाही. ओबडधोबड ठोसे, लाथा आणि नाकातून रक्त. दोघेही नावाजलेले. माझ्या मते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने ती बघावी, म्हणजे अपेक्षा जमिनीवर येतात.

मुष्टियोद्धा

हे आवडलं. पन्नाशीच्या माणसाने तिशीतल्यासमोर जाहीरपणे उभं राहणं, याला मी मान देतो.

वाकडा_बाण

आणि ते जे हात न लावता दहा जणांना उडवतात ते?

थोरला_बंधू

त्यांच्यासाठी नियम सोपा आहे. ते नेहमी स्वतःच्याच शिष्यांना उडवतात. पाहुण्याला उडवायला सांगा, मग ‘आज वातावरण अनुकूल नाही’. हे फसवणूकच असते असं नाही बरं का. वर्षानुवर्षं एकमेकांना खूश करता करता शिष्याचं शरीर आपोआप उडायला शिकतं, आणि गुरूला खरंच वाटायला लागतं की आपण काहीतरी केलं. हे जास्त धोकादायक आहे, कारण त्यात कुणी लबाड नाही.

‘ची’बद्दल: माझे शिक्षक तो शब्द फार क्वचित वापरतात. ‘खांदा सोड’, ‘कंबर बसव’, ‘माकडहाड खाली सोड’ असंच बोलतात. ज्याला ठोस सूचना देता येत नाही, त्याच्या तोंडी ‘ची’ जास्त येते.

हाडवैद्य

मी फिजिओथेरपी करतो, आणि ताई ची केल्याने गुडघे दुखायला लागलेली माणसं माझ्याकडे येतात. ‘ताई ची गुडघ्यांना चांगली’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुडघा मुख्यतः वाकायला आणि सरळ व्हायला आहे, पिळायला नाही. फिरणं व्हायला हवं ते कमरेच्या सांध्यात. अंतर्गत शैलीवाले ज्याला क्वा म्हणतात, तो जांघेचा भाग आणि तिथला सांधा. क्वा घट्ट असला की शरीर वळताना तो वळत नाही आणि सगळी पिळवट गुडघ्यावर येते, तीही वजन पूर्ण त्याच पायावर असताना. त्यात खोल बैठक. त्यात गुडघा आत पडलेला. वर्षभरात माणूस माझ्या दारात.

वर्गात बघायच्या गोष्टी: गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत राहतो का? शिक्षक तो सुधारतात का, की फक्त हाताची दिशा सुधारतात? वळताना वजन असलेला पाय फिरवायचा की आधी वजन काढून मग फिरवायचा, यावर यांगवाल्यांमध्येच मतभेद आहेत, पण दुखऱ्या गुडघ्याने आधी वजन काढावं हे मी निःसंकोच सांगेन. आणि उंच बैठक घेतली म्हणून ज्या वर्गात कमी लेखतात, तिथून उठून या.

बागुआतल्या आत-बाहेर वळणाऱ्या पावलांबद्दलही हेच. क्वा मोकळा नसेल तर ती पावलं गुडघ्याची परीक्षा घेतात. चक्रधर, चुकलो असेन तर सांगा.

चक्रधर

बरोबर आहे. आमच्याकडे नव्या माणसाला आधी उंच चालवतात, वर्तुळही मोठं घेतात. लहान वर्तुळ आणि खाली बसून चालणं हे फोटोसाठी छान दिसतं.

निशिगंधा

हाडवैद्य, धन्यवाद, वाचनखूण साठवली. पण उलट बाजूही लिहा ना. पार्किन्सनच्या रुग्णांवरचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ ला आला होता: १९५ रुग्ण, सहा महिने, आठवड्यातून दोनदा एक तास. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट वजनाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही पुढे होता. माझ्या आईला मी म्हणूनच नेलं. तिला पंग माहीत नाही, पण जिना उतरताना ती आता कठडा पकडत नाही.

हाडवैद्य

त्या अभ्यासाबद्दल वादच नाही, मी स्वतः रुग्णांना पाठवतो. फक्त कुणाकडे पाठवतो ते बघून.

मीनाक्षी_म

एक मुद्दा कुणी काढला नाही तो मी काढते. थोरले बंधू म्हणाले हात लावून बघा. मान्य. पण पुश हँड्स, म्हणजे जोडीने हात लावून ढकलण्याचा सराव, म्हणजे अनोळखी माणसांशी छातीच्या अंतरावर उभं राहून अंगाला हात. बाईने वर्ग निवडताना हे आधी बघावं लागतं.

मी एका वर्गात जात होते (नाव घेत नाही). तिथे सर प्रत्येक नवीन मुलीला ‘श्वास तपासायला’ पोटाला हात लावत, मुलांना मात्र तोंडी सांगत. मी प्रश्न विचारला तर ‘मनात पाप आहे म्हणून असं वाटतं’ हे उत्तर. सोडलं. आताच्या वर्गात कुठेही हात लावायच्या आधी विचारतात, जोडीदार बदलायचा असेल तर कारण द्यावं लागत नाही, आणि जोरात ढकलणाऱ्या दांडग्याला शिक्षक स्वतः बोलावून त्याच्याशी करतात. ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं ते बघा. दुसरी परीक्षा लागत नाही.

हे फक्त बायकांसाठी नाही. प्रश्न विचारलेला चालतो का? दुसरीकडे शिबिराला गेलात तर राग येतो का? सोडून गेलेल्यांबद्दल वर्गात काय बोलतात?

थोरला_बंधू

मीनाक्षीताई, शंभर टक्के. याला जोडून बाइशीबद्दल. बाइशी म्हणजे विधिवत शिष्य होणं, गुरूसमोर गुडघे टेकून, चहा देऊन. पहिल्या सहा महिन्यांत कुणी त्याचा आग्रह धरू लागला, किंवा ‘आतली विद्या’ फक्त त्यानंतर मिळेल असं सांगू लागला, तर चप्पल घाला आणि निघा. खरा गुरू उलट अनेक वर्षं टाळतो, कारण ते त्याच्यावरही बंधन असतं.

वाकडा_बाण

पण मग सहा-सहा महिने नुसतं उभं करतात त्याचं काय? तो प्रकार म्हणजे विद्यार्थी गळावेत म्हणून लावलेली चाळण वाटते.

चक्रधर

झान-झुआंगबद्दल, म्हणजे स्थिर उभं राहण्याच्या सरावाबद्दल, बोलताय. चाळण म्हणूनही वापरतात, नाकारत नाही. पण त्यात शिकायचं खूप असतं. दहा मिनिटं उभे राहिलात की शरीर कुठे विनाकारण ताणून धरलंय ते कळायला लागतं: खांदा, जबडा, पाठीचा खालचा भाग. शिंग-यीत सान-ती नावाची स्थिती आहे, वजन मागच्या पायावर जास्त, पुढचा हात नाकासमोर. तिच्यात उभं राहून पाचही ठोशांची चौकट तयार होते.

फरक कुठे पडतो सांगतो. उभं राहताना शिक्षक फिरत असतो का? एक बोट खांद्याला लावून, एखादा शब्द बोलून सुधारतो का? अधूनमधून हलकेच ढकलून बघतो का? तसं असेल तर सहा महिनेही चालतील. सगळ्यांना उभं करून तो फोन बघत बसला असेल, तर त्याला त्या वेळात शिकवायला काही नाही.

काठावरचा

मी आत्ता वाचता वाचता उभा राहून पाहिलं. जबडा खरंच ताणलेला होता. बॉसचा मेल आला होता तो.

नवखा_वाचक

मधेच घुसतो. जवळपास कुणीच शिक्षक नसेल तर ऑनलाइन शिकलं तर चालेल का? आणि रेशमी पोशाख लागतो का? (दुसरा प्रश्न बायकोने विचारायला लावला.)

थोरला_बंधू

पोशाख नको. पातळ, सपाट तळव्याचे बूट घ्या, जाड टाचेचे धावायचे बूट नकोत.

ऑनलाइनने क्रम पाठ होतो, आत काही भरत नाही. पण वर्षातून एक-दोनदा चांगल्या शिक्षकाच्या शिबिराला जाऊन हात लावून यायचं आणि मधल्या काळात व्हिडिओवर चुका काढून घ्यायच्या, असं करून बरे झालेले लोक पाहिले आहेत. शिबिरात नवीन फॉर्म गोळा करू नका. जो येतो तोच दुरुस्त करून घ्या. वीस फॉर्म येणारा आणि एकही न येणारा, बऱ्याचदा एकच माणूस असतो.

इतिहासखोर

अवांतर: फॉर्मच्या लांबीवरून माणसं उगाच भांडतात. २४ चा फॉर्म १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून आखून घेतला, लोकांना सोपा जावा म्हणून. झंग मानछिंग यांनी यांगचा लांब फॉर्म ३७ वर आणला. आणि तो लांब फॉर्म कुणी ८५ मोजतं, कुणी १०३, कुणी १०८. फॉर्म तोच, मोजण्याची पद्धत वेगळी. ‘आमचा १०८ चा आहे’ म्हणून कुणी मिरवलं तर भारावू नका.

जुना_कराटेवाला (धागाकर्ता)

बाप रे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. धागा वाचून तिघांकडेही जाऊन आलो, त्याचा वृत्तांत.

चेनवाले सर: फॉर्म डोळ्याचं पारणं फेडणारा. हात लावू का विचारलं तर म्हणाले, ‘तीन वर्षांनी.’ जुने विद्यार्थी सरांसारखेच देखणे करतात, पण दोन माणसं समोरासमोर उभी राहिलेली मला दिसली नाहीत. गुडघ्याबद्दल सांगितलं, तर ‘खाली बसलात की आपोआप सुटेल’.

शिंग-यी-बागुआवाले गृहस्थ: फोनवर जितके तुटक, समोर तितकेच मोकळे. हात लावू दिला. मी जोर लावला आणि काय झालं ते नीट सांगता येणार नाही, पण भिंतीला टेकलो. कराटेत काय केलं ते विचारलं, ठोसा मारून दाखवायला लावला. मग स्वतःच म्हणाले की गुडघा असा असताना बागुआ आत्ता नको, फक्त पी आणि बंग शिकवेन. अडचण एकच: ते बरेचदा गावी नसतात, वर्ग कधी होईल याचा नेम नाही.

यांगवाल्या बाई: इथे मी उडालो. साठीच्या मंडळींचा वर्ग संपला, ती मंडळी गेली, आणि चार जण मागे थांबले. मग पुश हँड्स सुरू. बाईंनी मलाच बोलावलं. वजनाने माझ्या निम्म्या असतील. दोनदा टाचा उचलल्या गेल्या, अगदी थोरल्या बंधूंनी लिहिलं होतं तसं. बाहेरून बघून कधीच कळलं नसतं. तुम्ही हे वर्गात का दाखवत नाही विचारलं, तर म्हणाल्या, ज्यांना हवं ते थांबतात.

तर बाईंकडे सुरू करतोय. पण शिंग-यी मनातून जात नाही. दोन्ही एकदम केलं तर?

थोरला_बंधू

नको. सुरुवातीला दोन शिक्षक म्हणजे एक सांगेल वजन मागे, दुसरा सांगेल पुढे, आणि तुम्ही मध्ये अडकाल. दोन-तीन वर्षं एकाकडेच.

चक्रधर

तुमच्याशी वाद घालायची सवयच लागली आहे. सुन लुथांग यांनी शिंग-यी आणि बागुआ आधी केली आणि ताई ची पन्नाशीच्या सुमारास हाव वेइझन यांच्याकडून शिकले. हाव आजारी होते, सुन यांनी शुश्रूषा केली, म्हणून त्यांनी शिकवली अशी हकीकत आहे. दोन विद्या एकमेकींना मारत नाहीत.

थोरला_बंधू

सुन यांचा शिंग-यीचा पाया आधी पक्का झालेला होता. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात.

चक्रधर

हं. हा तुमचा.

जुना_कराटेवाला (धागाकर्ता)

बाईंनाच विचारलं. म्हणाल्या, पहिलं वर्ष नको, नंतर खुशाल जा, मला येऊन सांग काय शिकलास ते. शिंग-यीवाल्यांना फोन केला तर तेही म्हणाले, ‘त्यांच्याकडे जा, बरं होईल.’ दोघे एकमेकांना ओळखतात हे तेव्हा कळलं.

मीनाक्षी_म

‘मला येऊन सांग काय शिकलास’. बाई आवडल्या.

मुष्टियोद्धा

सगळं छान, पण माझा प्रश्न राहिलाच. ते जे चार जण मागे थांबतात, त्यांच्यात कुणी खरोखर जोर लावतं का? की सगळे एकमेकांना सांभाळून घेतात?

जुना_कराटेवाला (धागाकर्ता)

तिघे सांभाळून घेतात. एक कॉलेजातली मुलगी आहे, ती नाही घेत. काल तिने मला दोनदा भिंतीपर्यंत नेलं. तिच्याशीच जास्त करायचं ठरवलंय.

मुष्टियोद्धा

मग ठीक आहे.